संग्रहालयाची सहल आणि तीन प्रश्न



दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. मुंबईतल्या शाळांच्या यादीत राणीचा बाग हमखास असतो. सकाळी प्राणी पाहायचे, दुपारी झाडाखाली डबे खायचे आणि बस सुटायला अर्धा तास उरला, की शेजारच्या संग्रहालयात एक फेरी मारायची. मुले दोन-दोनच्या रांगेत आत शिरतात, तशीच बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशीच्या निबंधात संग्रहालयाला एकच वाक्य मिळते: 'तेथे आम्ही अनेक जुन्या वस्तू पाहिल्या.'

हे वाक्य खोटे नाही. पण त्या वस्तूंनी आपल्याला काय सांगितले, हे त्यात कोठेच नाही. वस्तू आपण होऊन काही सांगत नाहीत. त्यांना प्रश्न विचारावे लागतात. ते कसे विचारायचे, याचाच विचार आज आपण करणार आहोत.

संग्रहालयांचे प्रकार अनेक. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात तुम्ही बटण दाबता, चाक फिरवता आणि निसर्गाचा एखादा नियम डोळ्यांसमोर घडतो. उद्योगांच्या आणि लोकजीवनाच्या संग्रहालयात बटणे नसतात. तेथे हत्यारे, यंत्रे, नकाशे, प्रतिकृती आणि रोजच्या वापरातल्या वस्तू असतात. निसर्गाचे नियम त्यांतही असतातच, पण ते कोणाच्या तरी पोटापाण्याच्या उद्योगात मिसळलेले असतात. म्हणून तेथे पदार्थविज्ञान आणि इतिहास हे दोन तास एकाच वेळी चालू असतात, असे समजा.

चला, एक सहल कागदावर काढू. निघायचे कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आणि जायचे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालयात.

वाटेवरच काय काय दिसते?

मच्छीमार नगर ही कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेली कोळ्यांची वस्ती. किनाऱ्याला होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मागे पंचवीस-तीस मजल्यांचे मनोरे. हे मनोरे ज्या जमिनीवर उभे आहेत, ती जमीन भराव घालून समुद्रातून काढलेली आहे. कफ परेडचा रस्ता एके काळी समुद्राला लागूनच होता. पुढे भराव पडत गेला आणि समुद्र मागे हटत गेला.

जवळच ससून गोदी आहे. ती १८७५ साली सुरू झाली. आज तेथे पहाटे मासळीचा लिलाव चालतो, त्यामुळे ती मासळीसाठीच बांधली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ती बांधली गेली कापसाच्या व्यापारासाठी. गोदी तीच राहिली, माल मात्र बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. तिचा मार्ग होता कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत, म्हणजे ती तुमच्याच भागातून निघाली होती. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडहून भुयारी मेट्रोही धावू लागली आहे. तिने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जायचे आणि तेथून मध्य रेल्वेच्या लोकलने मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा गाठायचे. ज्या मार्गाने तुम्ही जाल, त्याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली होती. भायखळा स्थानकाची जुनी इमारतही नीट पहा. तिच्या जतनाच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे.

थोडक्यात, सहल बसमध्ये झोपून किंवा भेंड्या खेळून घालवली, तर पहिले दालन न पाहताच मागे पडते.

संग्रहालय कसे उभे राहिले?

१८५१ साली लंडनमध्ये जगातल्या उद्योगांचे एक प्रचंड प्रदर्शन भरले. त्यानंतर अशा प्रदर्शनांची लाटच आली. १८५५ साली पॅरिसमध्ये प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी मुंबई इलाख्यातील कच्चा माल आणि कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. त्यांतूनच येथे एक संग्रह करावा, ही कल्पना निघाली. मात्र १८५७ च्या धामधुमीत लष्कराने ती जागा घेतली आणि संग्रहाची बरीच नासधूस झाली.

पुढे नवी इमारत बांधायचे ठरले. या कामात जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी पुढाकार घेऊन नागरिकांकडून पैसा उभा केला. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. वैद्यकीबरोबरच प्राचीन शिलालेख आणि नाणी यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. १८६२ साली इमारतीची कोनशिला बसली आणि १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव होते 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. २००३ ते २००८ या काळात इमारतीचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा संग्रह सुरू झाला तो 'या मुलखात विकण्याजोगे काय काय तयार होते' हे व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी. ते तयार करणाऱ्या माणसाची हकीकत सांगणे हा त्याचा पहिला हेतू नव्हता. म्हणून ती हकीकत आपल्यालाच विचारून काढावी लागते.

तीन प्रश्न

कोणत्याही वस्तूसमोर उभे राहिल्यावर पुढील तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: हे कशाच्या जोरावर चालत असे? माणसाच्या दंडाच्या, बैलाच्या, वाऱ्याच्या, पाण्याच्या, वाफेच्या की विजेच्या?

दुसरा प्रश्न: हे कोणाच्या हातांनी चालत असे? तो माणूस दिवसाचे किती तास राबत असे? त्याचे वय काय असे?

तिसरा प्रश्न: याची जागा पुढे कशाने घेतली? आणि ती घेतली गेल्यावर त्या माणसाचे काय झाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वस्तूकडे नुसते निरखून पाहिले तरी मिळते. दुसऱ्यासाठी थोडे वाचावे लागते. तिसऱ्याचे उत्तर मात्र काचेच्या कपाटात सहसा नसते. ते कोठे असते, हे आपण शेवटी पाहू. आधी हे प्रश्न काही वस्तूंना विचारून पाहू.

दगडी हत्ती

संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. पण उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला.

असे का झाले असावे? हत्तीभोवती फिरून त्याच्या आकारमानाचा डोळ्यांनीच अंदाज घ्या. समजा, तो ५ घनमीटर भरला. घारापुरीचा दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट. त्याचा एक घनमीटर सुमारे २.९ टन भरतो. म्हणजे हत्ती झाला साडेचौदा टनांचा. एवढे वजन साखळदंडांनी उचलायचे, तर प्रत्येक कडीवर किती ताण येईल? शिवाय भार मधेच हिसक्याने थांबला, तर हा ताण नुसत्या वजनाच्या कित्येक पट होतो. तुमचा अंदाज ५ घनमीटरांऐवजी ४ किंवा ७ निघाला, तरी बिघडत नाही. पाच जणांनी पाच अंदाज करावेत आणि ते एकमेकांशी ताडून पाहावेत. पदार्थविज्ञानाची सुरुवात अशा ढोबळ अंदाजांपासूनच होते.

घड्याळाचा मनोरा

बाहेरच १८६५ साली उभारलेला डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. याच घराण्यातील अल्बर्ट ससून यांनी पुढे कुलाब्याची गोदी बांधली. मनोऱ्यावर किती वाजले, हे पाहून आपण पुढे जातो. पण 'कोणते वाजले' हा प्रश्न या शहरात फार गाजला आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. मुंबईचे रेखावृत्त सुमारे ७२.८ अंश पूर्व आहे. भारतीय प्रमाणवेळ मोजतात ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावरून. फरक सुमारे ९.७ अंशांचा. त्याला चाराने गुणा: ३९ मिनिटे. म्हणजे प्रमाणवेळेच्या घड्याळात बारा वाजतात, तेव्हा मुंबईच्या सूर्याचे सरासरी ११ वाजून २१ मिनिटेच झालेली असतात.

१ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ सुरू झाली. कागदावर हा केवळ काटा पुढे सरकवण्याचा प्रश्न. पण गिरणीचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने तितके आधी हजर व्हावे लागणार. त्या जानेवारीत जेकब ससून गिरणीतील कामगारांनी याविरुद्ध काम सोडून निदर्शने केली. मुंबईच्या महापालिकेने आपली घड्याळे जुन्या 'मुंबई टाइम'वरच ठेवली आणि ती थेट १९५५ पर्यंत.

पाहा, गुणाकार चारचाच होता. पण दुसरा प्रश्न विचारताच त्या गुणाकारातून कामगाराची पहाट दिसू लागली.

लोखंडी खांब आणि मातीची माणसे

आता आत चला. दोन मजले उंच दालन, दोन्ही बाजूंना सज्जे आणि ते पेलणारे नक्षीदार खांब. हे खांब ओतीव लोखंडाचे आहेत. उंचीच्या मानाने ते किती सडपातळ आहेत, हे पाहा. जुन्या वाड्यातला दगडी खांब आठवा आणि तुलना करा.

ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र कितीतरी कमी असते. वाकवले की ते एका बाजूने ताणले जाते आणि तडकते. म्हणून त्याचा खरा उपयोग सरळ उभ्या खांबासाठी. शिवाय साच्यात ओतता येत असल्यामुळे एकदा साचा केला, की नक्षीसकट हवे तितके खांब निघतात. काळा घोड्याजवळच्या जुन्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडाही १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये तयार होऊन बोटीने येथे आला आणि जोडला गेला. इमारत कारखान्यात तयार करून दूरदेशी धाडायची, हे त्या काळाचे नवल होते.

कारागिरीच्या वस्तू पाहताना बिदरीकाम, हस्तिदंतावरचे कोरीव काम, मातीची भांडी यांच्यापुढे थांबा. मग मुंबईच्या लोकांच्या लहान मातीच्या प्रतिकृती शोधा. निरनिराळ्या जातिधर्मांची, धंद्यांची, पोशाखांची ही माणसे आहेत. या प्रतिकृतींवरून समाजाचे किंवा धंद्याचे नाव कळते. माणसाचे नाव कळत नाही. ती मूर्ती पाहून पुढे जाण्याआधी क्षणभर विचार करा: या जागी माझे पणजोबा असते, तर त्यांच्याविषयी एवढीच माहिती पुरली असती का?

धाग्याला पीळ, शहराला आकार

थोडा कापूस हातात घ्या आणि ओढा. तो सहज तुटतो. आता तोच कापूस ओढत ओढत बोटांनी पिळा. धागा झाला आणि तुटायलाही जोर लागू लागला. कापसाचे तंतू तेच, मग ताकद आली कोठून? पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातील घर्षण वाढते आणि ते एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. टकळी, चरखा आणि गिरणीतली हजारो चात्यांची यंत्रे, सारी हेच करतात.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, दादर हा सारा भाग 'गिरणगाव' झाला. समुद्राजवळची दमट हवा सुतासाठी सोयीची होती. कोरड्या हवेत धागा लवकर तुटतो. पण धाग्याला जी दमट उष्ण हवा मानवते, तीत उभे राहून दहा-बारा तास काम करणे माणसाला मानवत नाही.

पहिला प्रश्न विचारा. आरंभी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने मुंबईचे माग फिरू लागले. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला ५०० मीटर खाली पडले, तर १००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लाख वॅट शक्ती मिळू शकते. लोणावळ्याचा पाऊस आणि लालबागचे धोतर यांचा संबंध असा आहे.

दुसरा प्रश्न विचारा. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम देण्याची मुभा होती. ही 'सुधारणा' होती! म्हणजे त्याआधी काय असेल, याचा विचार करा. तुमच्यातला सातवीतला विद्यार्थी त्या काळी गिरणीच्या दारात उभा असता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र आणले आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मान्य झाली. रविवारी तुम्ही उशिरापर्यंत झोपता, तेव्हा लोखंड्यांची आठवण ठेवा.

आता तिसरा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप फार लांबला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जमिनींवर कचेऱ्या, दुकाने आणि मनोरे उभे राहिले. यंत्रे भंगारात गेली. कामगारांपैकी कित्येक जण कोकणात, घाटावर गावी परतले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. ते आवश्यकच आहे. परंतु माग एकदा भंगारात गेला, तर तसाच दुसरा कधीतरी मिळू शकतो. तुटलेला धागा क्षणात सांधणारी बोटे आणि ती विद्या सांगणारा माणूस गेला, तर तो परत मिळत नाही.

डोल जाळे चालते कशावर?

मच्छीमार नगरातील मित्रांनो, हे सारे तुम्हांला परके वाटेल, पण आता तुमच्या घरी येऊ. संग्रहालयात एखाद्या होडीची प्रतिकृती दिसली, तर तेथे शिक्षकांनी गप्प बसावे आणि तुम्ही बोलावे. शीड कोठे, सुकाणू कोठे, नाखवा कोठे बसतो, हे तुम्हांला कोणत्याही पाटीपेक्षा चांगले ठाऊक असते.

तेच तीन प्रश्न डोल जाळ्याला विचारा. 'डोलकर' हा शब्द ज्यावरून आला, ते हे जाळे. तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळते होत गेलेल्या लांब पिशवीसारखे. ते समुद्रात एका जागी पक्के बांधतात आणि तोंड प्रवाहाकडे ठेवतात. ट्रॉलरचे जाळे इंजिनाच्या जोरावर पाण्यातून ओढावे लागते. डोल जागेवरच राहते आणि पाणीच त्यातून वाहते. बोंबील, जवळा त्या पाण्याबरोबर आत येतात.

हे पाणी कोण हलवते? भरती-ओहोटी. आणि भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने होते. म्हणजे डोल जाळ्याचे इंजिन आहे चंद्र! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे परिणाम एकत्र येतात, त्या वेळी उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की जाळ्यावरचा जोर सुमारे चौपट होतो. म्हणून डोल बांधणाऱ्याला तिथी पाहावीच लागते.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. या नियमामागचे विज्ञान सोपे आहे. चंद्र एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस घेतो. त्यामुळे भरती रोज सुमारे ४९ मिनिटे उशिरा येते. तिथी दिवसाहून किंचित लहान असते, म्हणून तिथीमागे ४८ मिनिटे धरा. आपला नियम धरतो ४५, कारण पाऊणपट तोंडी करता येते. साचलेली चूक दर पंधरवड्याला मोजणी नव्याने सुरू झाल्यावर पुसली जाते.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. महिनाभर रोज तिथी, नियमाने आलेली वेळ आणि छापील वेळापत्रकातील भरतीची वेळ अशी तीन रकान्यांत नोंद करा. फरक कधी वाढतो, कधी घटतो? हा नियम बसवणाऱ्यांपाशी प्रमाणवेळेचे घड्याळ नव्हते, सूर्य होता. तेव्हा मघाची ३९ मिनिटे मिळवून पाहिली, तर नियम अधिक जुळतो का? कोणत्या तिथींना जुळतो आणि कोणत्या तिथींना बिघडतो? याचे उत्तर मी सांगत नाही. ते तुम्ही काढायचे आहे.

आणि तिसरा प्रश्न? पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. नायलॉन आले आणि हा उद्योग संपला. जाळे हलके झाले, टिकाऊ झाले, कष्ट वाचले. पण जे कुजत नाही, ते समुद्रात हरवले तरी कुजत नाही आणि मासे अडकवत राहते. एकाच वस्तूने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा निर्माण केला, अशी उदाहरणे उद्योगांच्या इतिहासात पावलोपावली भेटतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

काचेच्या कपाटात न सापडणारे उत्तर कोठे असते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ते तुमच्या आजोबांपाशी, आजीपाशी, शेजारच्या काकांपाशी असते. सुताचे जाळे हातांनी विणलेले, शिडाची होडी हाकलेली, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली माणसे अजून तुमच्यात आहेत. गिरणगावातील विद्यार्थ्यांच्या घरी साचाखात्यात उभे राहिलेले आजोबा असतील.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही ऐकून असाल. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून घराघरांतले दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी गोळा केली आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. लोक ज्याला अडगळ म्हणत, त्याचे संग्रहालय झाले.

तुमच्या शाळेतही एक कपाट रिकामे करता येईल. जाळे विणण्याची सुई, लाकडी वल्हे, जुना तराजू, गिरणीतले रिकामे बॉबिन, कंदील यांपैकी जे मिळेल ते आणा. वस्तू देणे शक्य नसेल, तर तिचे चित्र काढा. प्रत्येकीबरोबर पुढीलप्रमाणे कार्ड लावा.

१. वस्तूचे घरात वापरले जाणारे नाव.
२. लांबी, रुंदी, वजन आणि ती कशाची केली आहे.
३. कशाच्या जोरावर चालते. कोणते वैज्ञानिक तत्त्व वापरले आहे.
४. कोण वापरत असे; त्या माणसाचे नाव (त्यांच्या परवानगीने).
५. तिची जागा कशाने घेतली आणि पुढे काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत.

चौथा मुद्दा विसरू नका. मातीच्या मूर्तीला जे मिळाले नाही, ते आपण देऊ शकतो.

शिक्षकांसाठी दोन शब्द

सहलीच्या आधी एक तास हे तीन प्रश्न वर्गात सोडवून घ्यावेत. त्यासाठी खडू, छत्री किंवा शाळेची घंटा यांसारखी वस्तू पुरते. संग्रहालयात सगळ्या वस्तू दाखवण्याचा आग्रह धरू नये. पाच-पाच मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एकच वस्तू द्यावी आणि तिच्यापुढे वीस मिनिटे बसू द्यावे. मोबाइलवर छायाचित्र काढण्याआधी पेन्सिलीने चित्र काढायला लावावे. चित्र काढताना खिळे, सांधे, झिजलेल्या कडा दिसतात. मूठ कोठे झिजली आहे, यावरून हात कोठे पडत असे, ते कळते. संग्रहालयाच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. प्राणी पाहायचे असतील, तर ते संग्रहालयानंतर पाहावेत. थकलेल्या मुलांना कोणतीही वस्तू बोलकी वाटत नाही.

मच्छीमार नगरातील मुले आणि गिरणगावातील मुले यांनी एकदा आपापली कार्डे अदलाबदल करावीत, असेही सुचवावेसे वाटते. ससून गोदीत पूर्वी कापूस होता, आज मासळी आहे. एकाच गोदीने दोन्ही वस्त्यांच्या पोटाची सोय केली. गिरण्यांचे काय झाले, हे आपण पाहिले. कोळीवाड्याचे पुढे काय होईल, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. आज जे होडीवर चालू आहे, ते होडीवर असतानाच नीट पाहून, मोजून, लिहून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि तीन प्रश्न एवढे साहित्य पुरेसे आहे.